खुशालरावांच्या मोटारीचा जुलाब

मोटारीला जुलाब दिल्यावर तिला आराम द्यायचा नसतो. हे मी इतक्या खात्रीनं सांगतो, कारण त्या मोटारीत मागच्या सीटवर मी स्वतः बसलेलो होतो आणि अमरावती ते बार्शीटाकळी या रस्त्यावर जे काही घडलं ते माझ्या या डोळ्यांनी पाहिलं. डोळे बराच वेळ मिटलेले होते, ते सोडा.

गोष्ट साठ-बासष्टच्या सुमाराची. महाराष्ट्र नवा कोरा होता आणि आमचे शेजारी खुशालराव यांची मोटार तितकीच जुनी होती. मोर्शीच्या रस्त्याला त्यांचा संत्र्यांचा बगीचा. एका वर्षी झाडं अशी लदबदली की फांद्यांना टेकू देता देता पंचक्रोशीतले बांबू संपले. त्या बहाराच्या भरात खुशालरावांनी एका म्हाताऱ्या साहेबाची विलायती मोटार घेतली.

मोटार दिसायला राजबिंडी. फक्त ती आपण होऊन सुरू होत नसे आणि सुरू झाली की आपण होऊन बंद पडे. मग धक्का. धक्का मारायचा खुशालरावांच्या बायकोनं, म्हणजे वच्छलावहिनींनी, कारण खुशालराव चाक धरून बसायचे आणि चाक धरणाऱ्यानं खाली उतरायचं नसतं असा त्यांचा पक्का समज होता. वहिनींनी ती मोटार बडनेऱ्याला ढकलली, मूर्तिजापूरला ढकलली, एकदा अचलपूरच्या बाजाराला ढकलत नेली आणि भाजी भरून ढकलत आणली. एस.टी.तून लोक त्यांना हात करायचे. वहिनींच्या दंडात असं बळ आलं की सरकीचं पोतं काखोटीला मारून दुसऱ्या हातानं त्या चहा ढवळायच्या.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघं बार्शीटाकळीला निघाले, वहिनींच्या माहेरी. अकोला ओलांडल्यावर मोटार जी बसली ती बसलीच. वहिनींनी पदर खोचला आणि थेट माहेरच्या दारापर्यंत ढकलली. चपला रस्त्यातच झिजून गेल्या. दारात त्यांची आई, मैनाबाई, ओवाळायचं ताट घेऊन उभी. तिनं आधी आतले जावई पाहिले, मग मागून घामाघूम येणारी लेक पाहिली.

"जवाईबुवा," मैनाबाई म्हणाली, "तुमी पोरीले मोटरीवर आणलं का मोटरीले पोरीवर?"

खुशालराव काही बोलायच्या आत वहिनीच बोलल्या, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा बोलल्या.

"आयका. मी आता इथून हालत नाई. ज्या दिवशी हे मोटर धक्क्याबिगर या दारात येईन अन् धक्क्याबिगर मले अमरावतीले नेईन, त्या दिवशी येईन. यष्टीनं नाई, खाचरानं नाई. याच मोटरीत बसून येईन, राणीवाणी. अन् माहा हात तिच्या ढुंगणाले लागणार नाई."

खुशालराव एकटेच परत आले. मोटार कशी आणली ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण पुढे कितीतरी दिवस ते वाकून चालत होते.

आता यात माझं काय, असं तुम्ही म्हणाल. माझं असं, की खुशालराव जेवायला आमच्याकडे येऊ लागले. अखाजी गेली, पोळा गेला, दिवाळी गेली. माणूस दुःखात अन्न सोडतो असं मी ऐकून होतो. खुशालराव दुःखात भाकऱ्यांवर भाकऱ्या रचून खात आणि ठेच्याचा शेवटचा बोटभर राहिला की उसासा टाकून म्हणत, "वच्छलेच्या हातची चव नाई." हे माझ्या बायकोसमोर! एके दिवशी तिनं परात आपटली आणि मला म्हणाली, "एक तर त्याईची बायको आणा, नाईतर मी माह्या माहेरी चालली."

तेव्हा मी देवमनला बोलावलं.

देवमन म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातला फिटर. कापसाच्या मशिनीत त्याचा हात असा चाले की मशीन त्याला पाहून आपोआप तेल गाळी. बढाया मारण्यातही हात तसाच. त्यानं मोटारीचं टोपण उघडलं, आत डोकं घातलं, बराच वेळ हुंगलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "इचा दम कमी पडून राहिला."

"म्हंजे?" खुशालराव.

"म्हंजे इले हवा पुरत नाई. विलायतेत आता पंख्याच्या मोटरी निघून राहिल्या. म्या करून देतो."

आणि खरंच त्यानं केलं. धान्य उफणायच्या यंत्राचा पंखा आणला, विहिरीच्या पंपाचा पाइप आणला, आणि मोटारीचा धूर जिथून बाहेर पडतो तिथं असं काही जोडलं की पाहणाऱ्याला वाटावं, मोटारीनं तंबाखूची चिलीम पोटात घेतली आहे.

"पाहा भाऊ," देवमन समजावू लागला. "इंजिन धूर सोडते. त्या धुरानं हा पंखा फिरते. पंखा फिरला का हवा दाबून इंजिनात घालते. हवा जास्त खाल्ली का इंजिन धूर जास्त सोडते. धूर जास्त का पंखा जास्त. पंखा जास्त का हवा जास्त."

खुशालरावांनी विचार केला. "मंग थांबते कवा?"

"थांबाले कायले पायजे? थांबते म्हणूनच तर तुमची बायको गेली ना!"



पण पंखा लावून मोटार सुरू केली तर ती म्हाताऱ्यासारखी खोकू लागली. खोकली, ठसकली, काळा गोळा थुंकली आणि बसली. देवमननं पुन्हा आत डोकं घातलं. "काजळी हाय. साहेबाच्या जमान्यापासूनची. चुलीच्या धुराड्यात बसते तशी आतून बसेल हाय. पोट साफ केल्याबिगर पंखा लागू पडाचा नाई."

त्यासाठी तो अकोल्याच्या बाजारातून एक बाटली घेऊन आला. जांभळं रसायन होतं. मोटारीचं पोट साफ करणारं. बूच काढलं तर कापूर आणि घासलेट यांचं भांडण लागल्यासारखा वास सुटला आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडून बगीच्यात गेली. देवमन जिनात जायच्या घाईत होता. त्यानं निघता निघता नीट बजावलं, मी साक्षीला होतो. "पेट्रोलच्या टाकीत एक झाकण टाकाचं. अन् टाकल्याबरोबर मोटर पळवाची. बसू द्याची नाई."

आता चूक कुठं झाली ते ऐका. खुशालराव पिढीजात बैलवाले. त्यांच्या गोठ्यात जुलाब द्यायची रीत होती, आणि ती रीत त्यांच्या आजोबांपासून एका अक्षरानं बदललेली नव्हती. पहिली गोष्ट, जोडीतल्या एका बैलाला पाजलं तर दुसऱ्याला तेवढंच पाजायचं, नाहीतर तो मनात धरतो. दुसरी गोष्ट, औषध बांबूच्या नळीनं घशात पार आतपर्यंत ओतायचं, गूळ घालून. आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात मोठी: जुलाब दिलेल्या जनावराच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवायचं नाही.

खुशालराव नळी घेऊन मोटारीभोवती फिरले. "इले तोंडं किती हायेत?"

मी मोजली. पेट्रोलचं एक, इंजिनातल्या तेलाचं एक, पाण्याचं एक.

"मंग एकाच तोंडाले देऊन बाकीच्याईले टुकुटुकु पाहाले लावू काय?"

"देवमननं पेट्रोलमंदी म्हटलं होतं."

"देवमन फिटर हाय. त्याच्या घरी बैल हाय काय?"

त्यांनी अख्खी बाटली गुळाच्या पाण्यात कालवली आणि तिन्ही तोंडांना सारखी वाटली. नळीनं. ओतताना मोटारीच्या टोपणावर हात फिरवून "हो, हो, झालं, झालं," असंही म्हणत होते. मग तिच्यावर घोंगडी टाकली, समोर पाण्याची बादली ठेवली आणि मला म्हणाले, "आज इले कोणी हात लावाचा नाई."

दिवसभर मोटार गोठ्याशेजारी उभी. दुपारनंतर तिच्या पोटातून आवाज येऊ लागले. आधी गुर्र, मग गुडगुड, मग कोणीतरी आत भांडी घासत असल्यासारखं. खुशालराव समाधानानं मान डोलवत होते. "लागू पडून राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमन आला. घोंगडी पाहिली, रिकामी बाटली पाहिली, नळी पाहिली. त्याचा चेहरा उतरला.

"भाऊ, बसू देली काय रातभर?"

"जुलाब देल्यावर जुंपतात काय रे येड्या?"

देवमननं वर आभाळाकडे पाहिलं. पण पंखा त्याचा होता आणि तो चालताना पाहायची हौसही त्याचीच. आम्ही तिघं बार्शीटाकळीला जायला बसलो. खुशालरावांनी चावी फिरवली आणि मोटार सुरू झाली. धक्क्याशिवाय! खुशालरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायलाही वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात मोटारीला लागली.

मागून जे निघालं त्याला धूर म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं. साहेबाच्या जमान्यापासूनची काजळी, सगळी, एकदम. बडनेऱ्याजवळ तळ्याकाठी बगळे उभे होते. आम्ही गेलो तेव्हा पांढरे होते, मी मागं वळून पाहिलं तर कावळे होऊन उडाले. पुढं वर्षभर त्या भागात लोक त्यांनाच पिंडाला बोलवत आणि ते बिचारे जातही. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, पांढराशुभ्र. आम्ही पुढं निघालो आणि मागं मैलभर काळं रान. वेचणाऱ्या बायांनी आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या पंख्यानं आत ओढून घेतल्या म्हणून बरं. तो कापूस, मी ऐकलं ते असं, न रंगवता छत्र्यांच्या कापडाला गेला.

मूर्तिजापूरला मोटारीचं पोट साफ झालं. आतून कशी चकाकली असेल! आणि मग पंख्याला जोर चढला. धूर जास्त का पंखा जास्त, पंखा जास्त का हवा जास्त. झाडं मागं पळतात ते सगळ्यांनी पाहिलं असेल. आमच्या वेळेला ती आधीच बाजूला होऊन उभी राहत होती. पाण्याच्या तोंडातलं औषध उकळून समोरून पांढरा फेस उडत होता. अकोल्यात चौकातल्या हवालदारानं पिसाळलेली मोटार पाहिली आणि शिट्टी गिळली.

"देवमन," खुशालराव ओरडले, "आता बार्शीटाकळी येईन. बंद कर इले!"

"चावी काढा!"

खुशालरावांनी चावी काढली. खिशात ठेवली. मोटार चालूच.

"असं कसं?"

"तुमी तेलातबी औषध घातलं ना! तेल पातळ झालं. पंखा आता तेच तेल वढून इंजिनाले पाजून राहिला. इले आता पेट्रोलची गरज नाई, तुमचीबी नाई!"

"ब्रेक दाबा भाऊ!" मी म्हणालो.

खुशालरावांनी ओशाळून मागं पाहिलं. बंद पडणाऱ्या मोटारीला ब्रेक कशाला, म्हणून तो त्यांनी मागच्याच वर्षी काढून गोठ्याच्या फाटकाला बसवला होता.

अशा रीतीनं आम्ही सासुरवाडीला पोचलो. म्हणजे पोचलो, आणि पुढं गेलो. मैनाबाईचं घर सुटं होतं, भोवती बैलगाडीची गोल वाट. खुशालरावांनी चाक वळवलं आणि मोटार घराभोवती फिरू लागली. पहिल्या फेरीला मैनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"अवो, जवाईबुवा आले वाटते!"

दुसऱ्या फेरीला वच्छलावहिनी बाहेर आल्या होत्या, कमरेवर हात.

"पाय! धक्का नाई!" खुशालराव खिडकीतून ओरडले आणि घरामागं गेले.

तिसऱ्या फेरीला वहिनी म्हणाल्या, "पाहून राहिली. मंग थांबा ना!"

चौथ्या फेरीला खुशालराव म्हणाले, "थांबत नाई!"

मग कितीतरी फेऱ्या संसार असाच चालला. अर्धं वाक्य ओट्यासमोर, अर्धं पुढच्या फेरीला. "तू कशी..." आणि घर. "...हायेस?" मैनाबाईला पाहुण्यांना कोरडं पाठवणं माहीत नव्हतं. एका फेरीला तिनं खिडकीतून चहा दिला, पुढच्या फेरीला बशी परत घेतली, त्यापुढच्या फेरीला विचारलं, "साखर कमी तर नाई झाली?"

"आत उडी मारू काय?" वहिनींनी विचारलं.

"मार! पण मंग अमरावतीले गेल्यावर उतरशीन कशी? आपल्या घराभोवती वाट नाई!"

खुशालरावांचा आवाज इथं रडवेला झाला. मोटार दारात आली होती, धक्क्याविना आली होती, बायको यायला तयार होती, आणि बायकोपाशी क्षणभर उभं राहता येत नव्हतं. मी मागच्या सीटवर माझ्या बायकोच्या परातीचा आवाज आठवून देवाचं नाव घेत होतो.

मग वहिनींनी अंगणाकडं पाहिलं. तिथं त्या वेचणीचा कापूस रचलेला होता, घराच्या छपराला भिडेल एवढा.

"कापसात घाला!"

"अवं, तुह्या मायचा कापूस हाय!"

पुढच्या फेरीला मैनाबाई म्हणाली, "घाला जवाईबुवा! चहा आता इतकाच होता!"

खुशालरावांनी डोळे मिटले आणि चाक फिरवलं. आम्ही ढिगात शिरलो. एकदम सगळं पांढरं, मऊ, मुकं. पंखा मात्र चालूच होता. हवा मिळेना तसा त्यानं कापूस ओढायला सुरुवात केली. ढीग समोरून बसत चालला. अर्धा ढीग गेला तेव्हा मोटारीला उचकी लागली. मग एक मोठी ढेकर आली, तिच्यासोबत एक सरकी उडून देवमनच्या कपाळाला लागली, आणि मोटार थांबली.

वहिनींनी खुशालरावांना कापसातून उपसून काढलं, कानातला कापूस काढला, भुवयांवरचा काढला. आत गेल्या आणि पेटी घेऊन बाहेर आल्या. बोलल्याप्रमाणे मोटार आली होती, आता त्यांना जायचं होतं. मोटारीचं दार उघडून त्या मागच्या सीटवर बसल्या, राणीवाणी.

खुशालरावांनी चावी लावली. फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. मोटारीचं पोट कापसानं गच्च, तिला ना खोकला ना ठसका.

जुन्या सवयीनं वहिनींचा हात उतरायला दाराच्या कडीकडे गेला. मग त्यांनी तो परत मांडीवर ठेवला आणि समोर पाहत बसल्या. त्या तशा बसलेल्या पाहून खुशालरावांचं तोंड असं झालं की मला माझ्या घरच्या भाकऱ्या मोजाव्या लागतील हे दिसू लागलं.

मैनाबाई गोठ्यात गेली आणि बैलजोडी घेऊन आली.

देवमन उसळला. "माह्या पंख्याच्या मोटरीले बैल?"

"तुह्या पंख्यानं अर्धा कापूस खाल्ला. गप बैस." तिनं लेकीला विचारलं, "ओढलेली चालते का वं तुले?"

वहिनींनी विचार केला. "मी धक्का म्हटलं होतं. ओढाचं काई बोलली नव्हती."

तर आम्ही परत निघालो. पुढं बैल, मागं मोटार, मोटारीत वहिनी, पेटी, देवमन आणि मी, आणि चाकाशी, कासरा धरून, खुशालराव. अकोल्याचा तो हवालदार आता खुशीत होता, त्यानं आम्हाला सलाम ठोकला. पण काटेपूर्णेच्या पुलापाशी चढाव लागला आणि बैल अडले. फेस गाळू लागले. मी पाहिलं तर चाकाशी कोणी नव्हतं. थोड्या वेळानं मोटार हळूहळू चढू लागली.

वहिनींनी मान न वळवता विचारलं, "मांगून कोण धक्का मारून राहिलं?"

मागून धापा टाकत आवाज आला. "कोणी नाई. वारा हाय."

"वाऱ्याले धाप लागते काय?"

"सुटला हाय जोराचा."

वहिनींनी मागच्या काचेतून पाहिलं. "अन् वारा धोतर कवापासून नेसून राहिला?"

मोटार चढावाच्या माथ्यावर येऊन थांबली. खुशालराव बाजूला आले, घामानं निथळलेले, धोतर गुडघ्यापर्यंत वर, तळहात लाल. चाक धरणाऱ्यानं खाली उतरायचं नसतं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडलं होतं आणि ते आता निकाल ऐकायला उभे होते.

"धक्का माहा नव्हता," वहिनी म्हणाल्या. "तुमचा चालते." त्यांनी बैलांचा कासरा खिडकीतून आत घेतला, पुढच्या सीटवर सरकल्या आणि मागची जागा दाखवली. "बसा तथी. आता मी हाकते."

खुशालराव मागं बसले आणि अमरावती येईपर्यंत एकदाही चाकाकडे पाहिलं नाही.

एक सांगायचं राहिलं. देवमननं आठवड्यानं इंजिन खोललं तेव्हा आत कापूस नव्हताच. एका बाजूला पिंजलेली रुई होती आणि एका बाजूला सरकी, वेगवेगळी, जिनाहून स्वच्छ. सरकी वहिनींनी म्हशीला घातली. तिचं दूध महिनाभर पेट्रोलासारखं पेट घ्यायचं, पण चहा लवकर व्हायचा. रुईची गादी केली. त्या गादीवर झोपलं की खुशालराव घोरत नाहीत, पंख्यासारखे फिरतात, असं वहिनी सांगतात. मी विचारलं, "मंग थांबवता कशा?"

"उशी तोंडात घालते," त्या म्हणाल्या. "कापसाची."